ओळख नाही म्हणायचं

६ फेब्रुवारी, गुरुवार

दौंडच्या डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, यांचं वजन, बीपी आणि दिवसभरात प्यायलेलं पाणी रोज लिहून ठेवत जा. म्हणून मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पतसंस्थेकडून मिळालेली ही डायरी मी मागून घेतली. पहिल्या पानावर वजन लिहिलं. ते एका ओळीत संपलं. बाकीचं पान रिकामं कशाला सोडायचं? बी.ए.ला मराठी घेतलं होतं, ते लग्नानंतर किराणाच्या याद्यांपलीकडे कुठं वापरलेलंच नाही.

तर हे, म्हणजे आमचे मिस्टर पृथ्वीराज, दोन वर्षांपासून मशीनवर आहेत. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. दोन्ही किडन्या गेल्या. तालमीत असताना कंबर धरली, तेव्हापासून दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायचे, त्यानंच झालं असं डॉक्टर म्हणतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात कुणीतरी करणी केली. मी दोघांचंही ऐकून घेते.

वडगाव रासाईहून मोटारसायकलवर केडगाव, तिथून रेल्वेनं दौंड, चार तास मशीन, आणि येताना जीप, कारण मशीनवरून उठल्यावर यांना चक्कर येते. सरकारी योजनेत बसतं म्हणून फुकट होतं. आधी यासाठी पुण्याला जावं लागायचं, त्या मानानं हे सुखच. सुख हा शब्द लिहिला आणि माझं मलाच हसू आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडीत नेहमीप्रमाणे सतीश आणि दीक्षा. केडगावला राहतात. सतीश यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. कुरकुंभला एका कंपनीत सुपरवायझर होता, मशीन लागल्यावर कंपनीनं आराम करा म्हणून घरी बसवला. दीक्षा तिकडेच दुसऱ्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, या दोन दिवशी सेकंड शिफ्ट मागून घेते. दोघा पुरुषांच्या खाटा शेजारी शेजारी. सतीश यांना पैलवान म्हणतो, हे त्याला साहेब म्हणतात. सुई टोचताना एकमेकांची इतकी थट्टा करतात की सिस्टर दोघांवर ओरडतात. घरी हे दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत.

दीक्षानं डबा उघडला, मेथीची भाजी आणि चपाती. "वहिनी, घ्या की." मी म्हणाले, सोमवार आहे ना माझा. गुरुवारी दत्ताचा असतो असंही सांगून ठेवलंय. खरं म्हणजे बाहेरचं खाल्लं की मला पित्त होतं. तसं तोंडावर सांगितलं तर माणसाला वाईट वाटतं, त्यापेक्षा देवावर ढकललेलं बरं. दीक्षा दुसऱ्यांदा विचारत नाही. समजूतदार पोरगी आहे.

हे मशीनवर लागल्यावर स्टेशनबाहेर जाऊन दोन वडापाव खाल्ले, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

१८ मार्च, मंगळवार

पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातून फोन आला. किडनी बदलायचं म्हणून मागच्या वर्षी आम्ही तिथं नाव नोंदवलं होतं. तेव्हा कळलं की माझा रक्तगट ए आणि यांचा बी, माझी यांना चालत नाही. मामांना शुगर, आत्याबाईंचं वय झालेलं. मेलेल्या माणसाची मिळायची तर रांग इतकी लांब की नंबर विचारायचंही मी सोडून दिलं होतं.

आज कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, एक जोडपं आहे. त्यांचंही असंच अडलंय, पण उलट. त्यांच्यात बायको बी आणि नवरा ए. तुम्ही त्यांच्या नवऱ्याला द्यायची, त्या तुमच्या नवऱ्याला देतील. कायद्यात बसतं, कमिटीपुढं मुलाखत होते, दोन्ही ऑपरेशनं एकाच दिवशी. मी विचारलं, कुठलं जोडपं? म्हणाल्या, तुमच्या जवळचंच आहे, केडगाव.

मी फोन ठेवायच्या आधीच यांच्या मोबाईलवर सतीशचा फोन. दोघंही हॅलोसुद्धा न म्हणता हसत सुटले. दोन वर्षं शेजारी पडून राहिले आणि एकमेकांचा रक्तगट कुणी विचारला नव्हता.

आज खूप दिवसांनी यांनी जेवणात मीठ कमी म्हणून तक्रार केली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मामांना कसं सांगायचं हे दोन दिवस ठरेना. शेवटी यांनीच जेवताना विषय काढला.

"आप्पा, सावड हाय ही. कांदा लावायला आपण त्यांच्याकडं जायाचं, मग त्ये आपल्याकडं यायाचे, तसंच. सविता त्याला देणार, त्याची बायकू मला देणार."

"कोण म्हनायचं हे?"

"सतीश गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

"केडगावचे," मी म्हणाले.

"त्ये न्हाई इचारलं मी."

मग मी सांगितलं, जयभीमवाले आहेत. मामांनी भाकरी कुस्करायची थांबवली. "सावड भावकीत असती," एवढं बोलले आणि ताटात हात धुतला.

मामा तसे वाईट नाहीत. सोसायटीचे चेअरमन होते, सगळ्या समाजाच्या लग्नांना जातात, आहेर करतात. आमच्या घरात असलं काही कुणी मानत नाही. पण गावात राहायचं म्हटलं की चार लोकांचं बघावं लागतं.

२६ मार्च, बुधवार

आत्याबाईंनी प्रश्न सोडवला. चार दिवस मामांना चहा नेऊन दिला नाही, मला न्यायला लावला. आज ओट्यावरून म्हणाल्या, "माझी घेत न्हाईत म्हनं, म्हातारीची. घेतली असती तर मी कवाच दिली असती. ज्याची घेत्यात त्याची घ्या. प्वार जगलं पायजे, बाकीचं समदं मागनं."

मामांनी मला बोलावलं आणि अट घातली. गावात नाव निघता कामा नये. कुणी विचारलं तर सांगायचं, दवाखान्यानं जुळवलं, कोण ते आम्हाला माहीत नाही. त्यांनी इकडं यायचं नाही, आम्ही तिकडं जायचं नाही.

मला तरी यात वावगं वाटलं नाही. आमची रश्मी आता बारावीला जाईल, उद्या तिचं लग्न काढायचं म्हटलं तर लोक हजार चौकशा करतात. किडनी मिळतेय हे मोठं. यांना मात्र अटीचं सांगितलेलं नाही, डोक्यात राख घालून घेतील.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी, पण मशीनला सुट्टी नसते. सतीश नवा पांढरा शर्ट घालून आला होता आणि बाही वर करताना तो चुरगळू नये म्हणून केवढा जपत होता. संध्याकाळी केडगावला मिरवणूक. म्हणाला, "पैलवान, या की आज. जेवायलाच या दोघं. दीक्षानं गुळवणी केलीय, तुम्हाला चालणार न्हाई, पण वास तर घ्या."

यांचे डोळे चमकले. मी म्हणाले, मशीनवरून उठल्यावर कुठं एवढी दगदग, पुढच्या वर्षी नवी किडनी घेऊनच येऊ मिरवणुकीत नाचायला. सगळे हसले. दीक्षाही हसली, पण जरा उशिरा. दमली असेल. सकाळी उठून सगळा स्वयंपाक करून आली होती.

जीपमध्ये हे म्हणाले, "गेलो असतो तर काय बिघडलं असतं?" मी म्हणाले, तुमचा रंग बघा आरशात. खरंच राखेसारखा रंग होता.

१९ मे, सोमवार

महिनाभर लिहिलं नाही. नुसत्या तपासण्या चालू आहेत. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची तपासणी, मानसोपचाराच्या डॉक्टरांची भेट. त्या डॉक्टरांनी विचारलं, कुणी जबरदस्ती करतंय का? मी म्हणाले, नाही. विचारलं, भीती वाटते का? मी म्हणाले, भीती वाटायला वेळ कुठं आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

रहिवासी दाखल्यासाठी शिरूरला तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन, तिसऱ्यांदा दाखला मिळाला तर नावात सविता पृथ्वीराजच्या जागी नुसतंच पृथ्वीराज. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "किडनी कुणाला देताय?" मी म्हणाले, नवऱ्याला. खोटं नाही म्हणता येणार तसं.

दीक्षानं आज विचारलं, "वहिनी, एकदा तुमच्या घरी येऊन आप्पांना आन् आईंना भेटून जाऊ का? एवढा जीव लावलाय सतीशला पैलवानांनी. आमच्या सासूबाई पण म्हणत होत्या." मी म्हणाले, कशाला उन्हातान्हात येतेस, आम्हीच येऊ एकदा. ती म्हणाली, "बरं." मग कडेठाणपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मला अशा वेळी अवघडल्यासारखं होतं. किती जणांना किती सांभाळायचं?

२३ जून, सोमवार

उद्या कमिटी. मॅडमनी सांगितलंय की चौघांना वेगवेगळं बोलावून विचारतात आणि सगळं कॅमेऱ्यात रेकॉर्ड करतात. पैसे देऊन किडनी विकत घेतली जाऊ नये म्हणून.

हे ऐकून मामा बिथरले. गावातल्या एका पोराचा कसलातरी व्हिडिओ मागच्या वर्षी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता, तेव्हापासून कॅमेरा म्हटलं की त्यांना धडकी भरते. मला देवघरात बोलावून म्हणाले, "तिथंबी वळख न्हाईच म्हणायचं. दवाखान्यानं जुळवलं, आजच बघितलं. त्ये रेकार्डिंग उद्या कुठं जाईल, कुणी सांगावं?"

मी म्हणाले, मामा, तिथं खरं सांगायचं असतं. म्हणाले, "मग काय खोटं हाय? दवाखान्यानंच जुळवलंय की." तेही खरंच होतं. आणि उद्या पहाटे उठायचं होतं, वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं.

२४ जून, मंगळवार

झालं एकदाचं. मोठी खोली, लांब टेबल, पाच जण. मधे बसलेल्या बाई प्रेमानं बोलत होत्या. मला विचारलं, ऑपरेशनमध्ये काय धोका असतो माहीत आहे का? सांगितलं. पैशाची काही देवाणघेवाण? नाही म्हणाले. मग विचारलं, समोरच्या कुटुंबाला ओळखता?

मी म्हणाले, "नाही."

"पूर्वी कधी भेटलात?"

"आजच पहिल्यांदा बघितलं. दवाखान्यानं जुळवून दिलं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्या डॉक्टरांना काहीतरी दाखवलं. दीक्षा माझ्या आधीच आत जाऊन आली होती. बाहेर बाकावर बसली होती. मी आल्यावर हसून जागा दिली आणि म्हणाली, "सोपं व्हतं की नाही? मी तर सगळं सांगितलं. गाडी, डबा, दोघांची भांडणं. त्या बाई हसायला लागल्या."

मी मनाला म्हटलं, एवढ्या तेवढ्याचं कोण बघतंय?

३ जुलै, गुरुवार

बघतात. फाईल थांबवली.

मॅडमचा फोन आला तेव्हा हे मशीनवर होते आणि फोन यांच्याच हातात होता, स्पीकरवर. तिघांनी सांगितलं दोन वर्षांची ओळख आहे, सतीश तर म्हणाला पैलवान माझा भाऊच आहे, आणि तुमच्या मिसेस म्हणाल्या आजच पहिल्यांदा बघितलं. ओळख लपवायचं कारण काय? कमिटीला व्यवहाराचा संशय येतो. आता प्रतिज्ञापत्रं, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची चौकशी, तपासण्यांची मुदत संपली तर त्या परत, आणि मग पुन्हा मुलाखत.

सतीश शेजारीच होता. त्यानं सगळं ऐकलं. डोळे मिटून पडला. नेहमी हेच दोघं बोलतात, आज नुसता मशीनचा आवाज.

मी मामांवर चिडले. आणि खरं लिहायचं तर दीक्षावरही चिडले. डबा, गाडी, इतकं पाल्हाळ लावायची हिला काय गरज होती? नुसतं हो-नाही म्हणाली असती तर निभावलं असतं.

७ जुलै, सोमवार

हे गेले नाहीत. सकाळी अंघोळ केली, कपडे घातले, आणि ओट्यावर बसून राहिले. माझ्याशी तीन दिवस बोललेले नाहीत. वडिलांशी तर नाहीच.

मी विनवलं, रश्मी रडली. यांनी मामांकडं बघत एवढंच म्हटलं, "मी कुणाच्या तोंडानं त्याच्या शेजारी झोपू?"

८ जुलै, मंगळवार

काल संध्याकाळपासून दम लागला. दोन मशीनच्या मधे प्यायलेलं सगळं पाणी अंगातच साठतं, ते छातीत गेलं. आडवं होता येईना, बसून नुसती धाप. आज पहाटे गाडी करून दौंडला नेलं. सिस्टरनी एक शब्दही न बोलता मशीन जोडलं, त्याचंच मला रडू आलं. मामा बाहेर पायरीवर टोपी हातात घेऊन बसले होते. इतकी वर्षं झाली, त्यांना बाहेर कधी उघड्या डोक्यानं बघितलं नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

मामा आज स्वतः माझ्याकडं आले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "मी येतो कमिटीम्होरं. म्हणतो, वळखीचे हायत. दोस्त हाय माझ्या पोराचा. रेकार्ड करा म्हणतो." थोड्या वेळानं म्हणाले, "त्येंच्या घरला पण जाऊन येऊ म्हण."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शाणपण आलं, पर येळ करून आलं."

मला इतकं हलकं वाटलं की ताबडतोब दीक्षाला फोन लावला. तिनं उचलला नाही. शिफ्टमध्ये असेल.

१३ जुलै, रविवार

दीक्षाशी बोलणं झालं. जसं झालं तसं लिहिते, म्हणजे उद्या मी त्यात बदल करणार नाही.

मी सांगितलं, मामा स्वतः कमिटीपुढं यायला तयार आहेत, घरीही येतील. ती ऐकत होती. मग म्हणाली, "वहिनी, आम्हाला दुसरी जोडी मिळाली. पुण्यातली. रिक्षा चालवतात ते. परवा मॅडमचा फोन आला, आम्ही हो म्हणालो."

"आणि आम्ही?"

"तुमचं नाव यादीत हायच की."

मला संताप आला. म्हणाले, दोन वर्षं बरोबर आहोत आपण, एका गाडीनं जातोय-येतोय, आणि तू असं करतेस?

"बरोबर व्हतो ना? मी त्या बाईंना तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, आजच बघितलं."

"मामांनी तसं सांगितलं होतं म्हणून..."

"तोंड तुमचं व्हतं."

तीच बोलत राहिली, आवाज न चढवता. कंपनीत कुणाला रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. "माझा डबा तुम्हाला चालत न्हाई, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, आन् स्टेशनबाहेर वडापाव. सतीशनं पण बघितलंय. आम्ही कधी बोललो का? म्हटलं जाऊ दे, किडनी चालतेय ना, मग पुरे झालं. घरी येऊ दिलं न्हाईत, म्हटलं तेही जाऊ दे. पण तिथं माझ्या नवऱ्याचा जीव टेबलावर ठेवलेला असताना तुम्ही मला ओळखत न्हाई म्हणालात."

मी म्हणाले, चुकलं. आणखी काय म्हणणार?

"रागानं करत न्हाई मी हे, वहिनी. सतीशचं हार्ट मोठं झालंय, डॉक्टर थांबायला नको म्हणतात. आप्पा आज हो म्हणतायत, उद्या भावकीत कुणी काही बोललं तर? मला भरवसा धरता येत न्हाई. पैलवानांचं मला लई वाईट वाटतं. खरंच वाटतं."

फोन ठेवल्यावर आधी मी तिला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. मग भांडी घासायला बसले आणि वडापावचं आठवलं. पित्ताचं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं होतं की मला ते खरंच वाटायचं. त्या वडापावानं मला एकदाही पित्त झालेलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

दीक्षा आता गाडीत नसते. सतीशला त्याचा धाकटा भाऊ विनोद घेऊन येतो. विनोद मला नमस्कार करतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो.

यांनी सतीशला सगळं सांगून टाकलं, तो म्हणाला, "पैलवान, आपलं आपल्यात हाय, बायकांचं त्यांच्यात." दोघं पुन्हा सिस्टरची बोलणी खातात. पुरुषांना हे कसं जमतं कोण जाणे. की जमत नसतं, नुसतं दाखवतात?

२१ ऑगस्ट, गुरुवार

वजन चार किलो जास्त. चोरून पाणी पितात. भांडले. मग त्यांच्या ओठांवरची सालं बघून मीच बर्फाचा खडा दिला.

मामा रोज विचारतात, मॅडमचा फोन आला का? नाही म्हटलं की शेताकडं जातात. ओळखीचे आहेत हे सांगायला आता ते तयार आहेत, पण ऐकायला कुणी नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी सतीशचं ऑपरेशन. आज त्याची इथली शेवटची पाळी. इथली खाट माणूस गेल्यावरच रिकामी होते. झुंबरबाई गेल्या, वाघोलीचा तो मास्तर गेला, तेव्हा रिकामी झाली. चालत जाऊन कुणी खाट सोडतंय हे सेंटरमध्ये कुणीच बघितलेलं नव्हतं. सगळ्या खाटांवरून माणसं माना वर करून त्याच्याकडं बघत होती.

निघताना सतीशनं यांच्या सुई नसलेल्या हातावर हात ठेवला. तसाच ठेवून उभा राहिला. हे म्हणाले, "जा की आता. गाडी चुकंल."

मला विनोदजवळ दीक्षासाठी निरोप द्यायचा होता. तिलाही सोमवारीच टेबलावर जायचं आहे. चांगलं होऊ दे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं माझ्यानं झालं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी देवापुढं उभी राहिले. सतीश आणि दीक्षाचं नीट होऊ दे म्हणायला गेले आणि तोंडातून निघेचना. माझं मन इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा म्हणता आलं, पण पहिल्यांदा आलं नाही, हेही लिहून ठेवते.

दौंडला सतीशच्या खाटेवर यवतचे एक ज्ञानदेव म्हणून गृहस्थ आले आहेत, पहिलीच वेळ, सुईकडं बघून घामाघूम. हे त्यांना धीर देत होते. दुपारी यांच्या मोबाईलवर विनोदचा निरोप आला. दोन्ही ऑपरेशनं व्यवस्थित. वहिनी शुद्धीवर. दादाला टेबलावरच लघवी सुरू झाली, पिशवी दोनदा बदलली.

यांनी तो एकदा मनात वाचला, मग मोठ्यानं. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुतला रं साहेब, मुतला."

बाहेरच्या माणसाला यात काय कळणार? मशीनवरच्या माणसाची लघवी हळूहळू बंद होते. यांची बंद होऊन वर्ष होऊन गेलं. त्या खोलीतल्या बहुतेकांना ती होत नाही. पलीकडच्या म्हाताऱ्या बाबांनी टाळी वाजवली. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. घामाघूम झालेले ज्ञानदेवही हसले. मीही हसले. मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की दीक्षाची ती किडनी आज पुण्यात कुणा अनोळखी रिक्षावाल्याच्या पोटात आहे आणि तीही चालू झाली असेल. दोन्ही एकदमच वाटलं.

थोड्या वेळानं बघितलं तर यांनी तोंडावर टॉवेल घेतला होता. छाती हलत होती. मी खाटेच्या कडेला बसले, पायावर हात ठेवला. खोलीतलं हसणं ओसरलं होतं, जो तो आपापल्या नळ्यांकडं बघत पडला होता.

टॉवेल न काढता यांनी हळूच विचारलं, "सविता, मला पण झाली असती का गं?"

मी म्हणाले, "झाली असती."